अभियांत्रिकीला जाण्यापूर्वी कोणते गणित पक्के असावे?

सोलापुरातून बारावी करून अभियांत्रिकीला जाणाऱ्याने आधी डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पक्के करावे, कारण पुढची डिफरेन्शियल इक्वेशन्स (बदलाच्या दराची समीकरणे) त्यांवरच उभी असतात. उजनी धरणात येणाऱ्या पाण्याच्या दरातून सोडलेल्या पाण्याचा दर वजा केला की साठ्याच्या बदलाचा दर मिळतो. हे समीकरण स्वतः मांडता आले, तर माझ्या मते निम्मा विषय समजला (बाष्पीभवन धरायचेच, इथला मे महिना ते विसरू देत नाही). मॅट्रिक्स सर्वच शाखांना लागतात. यंत्रमागाच्या मोटरमध्ये विद्युतप्रवाह व्होल्टेजच्या किती मागे पडतो, हे संमिश्र संख्यांनी (कॉम्प्लेक्स नंबर्स) सुटसुटीत मांडता येते. विद्युत अभियांत्रिकीत मात्र ‘आय’ हे अक्षर प्रवाहासाठी राखलेले असल्यामुळे उणे एकच्या वर्गमूळाला गणितातल्या ‘आय’ऐवजी ‘जे’ म्हणतात.