गरब्यात गुडघ्याची वाटी सरकली तर

ताई, गरबा खेळताना पोरीच्या गुडघ्याची वाटी सरकली, आता काय करायचं, असं विचारलंत. बडोद्यात नवरात्रीनंतर हे हमखास दिसतं. गिरकीत पाऊल रोवलेलं राहतं, मांडी आत वळते आणि वाटी बाहेर सरकते. जागेवर बसली तरी एक्स-रे काढाच. गुडघा टम्म फुगला असेल तर एमआरआयही. कूर्चेचा (हाडावरच्या गुळगुळीत थराचा) तुकडा सुटला असल्यास शस्त्रक्रिया लागू शकते. एरवी पहिल्या वेळी सहसा व्यायामाने भागतं.

हे टाळा:
- हाडवैद्याकडून चोळून घेणं
- महिनाभर प्लास्टर (मांडी वाळते!)
- दुखणं थांबताच खेळायला सोडणं

सध्या एकच: गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, 5 सेकंद, 10 वेळा, दिवसातून तीनदा. सरळ पाय उचलताना गुडघा जरा जरी वाकला, तरी मांडीत ताकद आलेली नाही. उड्या, गिरक्या साधारण 3-4 महिन्यांनी, फिजिओने तपासल्यावरच. पोरगी हिरमुसेल, पण धीर धरा.