कुंकू कोणाच्या नावाचे?

प्रश्न : माझे वय 47 आहे. दीड वर्षापूर्वी यजमान अचानक गेले. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आम्ही दोघी सासूबाईंबरोबर सासऱ्यांनी बांधलेल्या घरातच राहतो. त्या दिवशी माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या गेल्या, तेव्हा मी काहीच बोलू शकले नाही. आता मला टिकली लावावीशी वाटते, हिरव्या बांगड्या भराव्याशा वाटतात, शुक्रवारी अंबाबाईला जाताना गजरा माळावासा वाटतो. जाऊबाई म्हणतात, लोक काय म्हणतील. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, शिकलेल्या बाईने या बेड्यांची हौस धरू नये. संक्रांतीला गल्लीत हळदीकुंकू झाले, तेव्हा मी दार लावून घरात बसले होते. माझ्यात बळच उरले नाही असे वाटते. माझ्या मनात येते ते चूक आहे का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुळीच चूक नाही. तुमच्या जाऊबाई आणि तुमची मैत्रीण दोन टोकांना उभ्या आहेत असे वाटते खरे, परंतु कुंकू आणि बांगड्या नवऱ्याच्या मालकीच्या असतात, हे दोघींनीही न तपासता मान्य केले आहे. फरक इतकाच की एक त्या गमावल्या म्हणते आणि दुसरी सुटल्या म्हणते. तुम्ही मात्र स्वतःचे लहानपण आठवून पाहा. आपल्याकडे मुलीच्या कपाळाला कुंकू लागते आणि हातात काकणे चढतात, ती पुरती चालायलाही शिकलेली नसते तेव्हा. लग्नात नव्याने येतात ती मंगळसूत्र आणि जोडवी. जी वस्तू नवऱ्याने दिलेलीच नव्हती, ती त्याच्या मृत्यूबरोबर जावी असे कोणत्या न्यायाने ठरले, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. माझ्या आत्याने तिच्या काचेच्या बांगड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात 30 वर्षे जपून ठेवल्या होत्या. त्या तिच्या हातात पुन्हा कधीच चढल्या नाहीत, आणि मी तेव्हा लहान नसूनही तिला त्याविषयी एकदाही विचारले नाही, याची खंत मला अजून आहे. म्हणून तुमच्या पत्राला उत्तर देताना मी हातचे राखून काही लिहिणार नाही.

ज्या शहरात तुम्ही राहता, त्याच्या गादीची संस्थापिकाच विधवा होती. राजाराम महाराज 1700 साली गेले तेव्हा महाराणी ताराबाई जेमतेम पंचविशीत होत्या. त्यांनी लहान मुलाला गादीवर बसवून 1707 साली औरंगजेब मरेपर्यंत मोगलांशी युद्ध चालवले आणि पुढे करवीरचे वेगळे राज्य उभे केले. कावळा नाक्यावरच्या त्यांच्या अश्वारूढ पुतळ्यापुढून रोज हजारो माणसे जातात आणि त्यांतल्या कोणालाही तो अपशकुन वाटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, आणि 1918 साली धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत दगावल्यावर बालवयात विधवा झालेल्या सून इंदुमतीदेवींना पडद्याआड न बसवता सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, 4 मे 2022 रोजी, आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथांवर बंदीचा ठराव केला. त्याच महिन्याच्या 17 तारखेला राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. लोक काय म्हणतील, हा जाऊबाईंचा प्रश्न वाजवी आहे. पण एका अख्ख्या गावाने भर सभेत काय म्हटले, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात मला आढळली नाही. जाऊबाई काय म्हणतात ते तुम्ही लिहिले, मैत्रीण काय म्हणते तेही लिहिले, पण ज्यांच्यासोबत तुम्ही एका छताखाली राहता त्या सासूबाईंविषयी एक शब्दही नाही. त्यांचा मुलगा गेला आहे. तुमच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून त्यांना समाधान वाटते, असे तुम्ही परस्पर धरून चालला असाल, तर एकदा विचारून पाहा. त्यांच्या हाताने तुम्हाला कुंकू लावले गेले, तर गल्लीतले निम्मे बोलणे तिथेच थांबेल; आणि त्या नाही म्हणाल्या, तरी लावण्याचा निर्णय तुमचाच राहील. त्यानंतर चैत्रात गौरीचे हळदीकुंकू तुम्हीच घरी करा. आंब्याची डाळ आणि पन्हे यांपलीकडे त्याला फार काही लागत नाही. मात्र बोलावताना गल्लीतल्या ज्या बायका तुमच्यासारख्याच दार लावून बसतात, त्यांना आधी आणि स्वतः जाऊन आमंत्रण द्या.

बळ उरले नाही असे तुम्ही लिहिता, त्याला आणखी एक बाजू आहे आणि ती कागदांची आहे. पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्याच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई या प्रत्येकाचा समान वाटा असतो. म्हणजे घरात यजमानांचा जो काही हिस्सा असेल, त्यात तुम्ही, तुमची मुलगी आणि सासूबाई अशा तिघी वारस आहात. सिटी सर्व्हेच्या कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर, आणि शेती असल्यास तलाठ्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का, ते या महिन्यात जाऊन पाहा. दीड वर्षात ते झाले नसण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण शोकाच्या दिवसांत बाईला सह्या करायला सांगितल्या जातात, वाचायला कोणी सांगत नाही. स्वतःचे नाव कागदावर पाहिलेली बाई कपाळाविषयीचा निर्णयही अधिक निवांतपणे घेते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्रश्न : माझी सून गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मशीनवर काम करते. मंगळसूत्र, बांगड्या काही घालत नाही, सुट्टीच्या दिवशीही नाही. मुलगा हयात असताना सुनेचे मोकळे हात पाहून मला भीती वाटते. मी तिला कसे समजावू?
— एक सासू, कागल

उत्तर : फिरत्या यंत्राजवळ बांगडी किंवा गळ्यातली साखळी अडकली तर हात किंवा जीव जाऊ शकतो, त्यामुळे कामाच्या दिवसांविषयी तर प्रश्नच उरत नाही. सुट्टीच्या दिवसाचे म्हणाल, तर वरच्या पत्रातील ताईंना मी जे लिहिले तेच तुमच्या सुनेलाही लागू आहे : घालण्याचा हक्क जिचा, न घालण्याचाही तिचाच. तुमच्या मुलाचे आयुष्य तिच्या मनगटाला बांधलेले नाही, आणि त्याला काही झाले तर दोष तिच्या मोकळ्या हातांचा नसेल, हे तिला तुमच्याच तोंडून कळले तर तुमच्या दोघींमधला मोठा ताण उतरेल.

तुमची भीती मायेपोटी आहे, हे मी जाणते. तुमच्याकडे जुना कोल्हापुरी साज असेल तर एखाद्या रविवारी तो तिला काढून दाखवा. त्यातला चंद्र कोणता, मासा कोणता, बेलपान कोणते, तो कोणी केला आणि तुम्ही पहिल्यांदा कधी घातला ते सांगा, आणि ती घालते की नाही याची वाट न पाहता तो पुन्हा डब्यात ठेवून द्या.