मुलीला बंट मारायला लावायचं की जोरात घुमवू द्यायचं?

या वेळी बहुतेक प्रश्न सॉफ्टबॉलचे आलेत आणि जवळजवळ सगळे सोलापूर जिल्ह्यातनं. क्रिकेट सोडून कुणीतरी काहीतरी विचारतंय याचाच मला आनंद, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये खेळते. सरांनी तिला पहिल्यापासून बंट (बॅट आडवी धरून बॉल हळूच पुढ्यात पाडणं) आणि स्लॅप शिकवलं, आणि ती मोबाईलवर अमेरिकेतल्या शाळेच्या पोरींचे व्हिडिओ बघते, त्या सगळ्या होमरन मारतात, आता हिलाही तसंच मारायचंय. पूर्ण ताकदीने बॅट फिरवते, अर्ध्या वेळा स्ट्राइकआऊट होते (तीन स्ट्राइक, म्हणजे बॉल हुकले की आऊट), सर ओरडतात, घरी येऊन रडते. हे नुसतं फॅड आहे का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, फॅड नाही. पण सरांनाही मी लगेच चुकीचं ठरवणार नाही, त्यांनी जो खेळ शिकला तो खरंच तसा होता. पिचर जवळनं, खालून हात फिरवून असा बॉल टाकते की बॅटरला विचार करायला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही, त्यामुळे १-०, २-१ असे निकाल लागायचे, एकेका रनसाठी मारामारी. मग पहिली मुलगी बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या टप्प्यावर, गेली की दुसरीने बंट टाकून स्वतः आऊट व्हायचं आणि तिला पुढे सरकवायचं. डावखुरी, चपळ मुलगी असली तर स्लॅप, म्हणजे पळता पळताच बॉलला टोला आणि फर्स्ट बेस गाठायचा.

मग बदललं काय? अमेरिकेतल्या शाळांमध्ये पिचर आधी ४० फुटांवरनं टाकायची, २०१०-११ पासून ती ४३ फुटांवर गेली, कॉलेजमध्ये आणि इंटरनॅशनलला आधीपासूनच तेवढं होतं. तीन फूट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण बॅटरला तेवढ्यात बॉल ओळखायला जरा उसंत मिळते. बॉलही पांढऱ्याचा झगझगीत पिवळा झाला, तो हातातनं सुटतानाच दिसतो. ॲल्युमिनियमच्या बॅटनंतर कंपोझिट (कार्बन फायबरच्या) बॅट आल्या, त्यांचा बॅरल, म्हणजे पुढचा जाड भाग, दबून परत उसळतो. आणि मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या पोरी लहानपणापासून वर्षभर क्लबमध्ये खेळतात, वेगळा बॅटिंग कोच असतो, जिममध्ये वजनं उचलतात, आपला स्विंग स्लो मोशनमध्ये बघतात. कारण सरळ आहे, चांगलं मारलं तर कॉलेजची स्कॉलरशिप मिळते. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या लॉरेन चेंबरलेनने २०१५ पर्यंत ९५ होमरन मारले तेव्हा लोकांना वाटलं की झालं, हा आकडा आता कोण मोडतंय. त्याच कॉलेजच्या जोसलिन आलोने २०२२ मध्ये कॉलेज संपवलं तेव्हा तिच्या नावावर १२२ होते! शाळेतल्या पोरी हेच बघून मोठ्या होतायत, तुमची लेक पण त्यातलीच एक समजा.

हिशोबाचंही बघा. सात इनिंग, प्रत्येकीत तीन, म्हणजे टीमकडे एकूण २१ आऊट असतात, बंट टाकून त्यातला एक आपण स्वतःच्या हाताने देऊन टाकतो. शेवटच्या इनिंगला बरोबरी असेल तर द्यावा, जरूर द्यावा, पण पहिल्याच इनिंगपासून देत सुटायचं आणि त्याला स्ट्रॅटेजी म्हणायचं हे मला पटत नाही.

म्हणून सरांना भेटा आणि एवढंच मागा की प्रॅक्टिस मॅचमध्ये तिला पूर्ण स्विंग करू द्या, स्ट्राइकआऊट झाली तरी ओरडू नका. तिला मात्र घरी ठणकावून सांगा की दोन स्ट्राइक झाले की स्विंग आखूड करायचा, आणि छातीच्या वरचा बॉल सोडायचा. जोरात मारणाऱ्या मुली सगळ्यात जास्त फसतात त्या राइजबॉलवर, तो खालनं येतोय असं वाटतं, बॅट निघते आणि बॉल वरनं जातो. किती स्ट्राइकआऊट त्यावर होतात ते आठवडाभर वहीत लिहायला सांगा, रडणं कमी होईल.

प्रश्न : बहिणीला बॅट घ्यायचीय, जड घेतली तर बॉल लांब जातो ना? नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो, प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. (अशोक चौक)

उत्तर : नाही जात. म्हणजे दोन्ही बॅट सारख्याच वेगाने फिरल्या तर जड बॅट थोडं लांब मारेल, पण तशी फिरते कुठे? बॉल बॅटवरनं किती जोरात सुटणार यात पिचरच्या वेगाचा वाटा थोडाच असतो, बॅटच्या वेगाचा त्याच्या पाच-सहा पट. म्हणून तिला जी सपकन फिरवता येते तीच घ्या. लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांतला फरक बघायचा, ३२ इंची बॅट २२ औंसाची असेल तर तिला उणे दहा म्हणतात, शाळेतल्या मुलीला उणे दहा-अकरा बरी पडते. ३४ इंचांपेक्षा लांब आणि सव्वादोन इंचांपेक्षा जाड बॅट सॉफ्टबॉलला चालत नाही. दुकानदार बेसबॉलची बॅट गळ्यात मारेल, ती घेऊ नका (ती आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या सीटखाली असते, खेळायला नाही, काय ते समजून घ्या). कंपोझिटच्या मागे आत्ताच लागू नका, साधी ॲल्युमिनियम घ्या आणि उरलेल्या पैशात हेल्मेट घ्या, जाळीवालं.

अजून एक, आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापलेला बॉल मऊ पडतो आणि कितीही मारला तरी मेल्यासारखा पडतो, मग पोरीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

प्रश्न : मी दहावीत आहे, खूप बारीक आहे. आजी म्हणते वजन उचललं की मुलींची उंची खुंटते. मला पॉवर येईल का? (बार्शी)

उत्तर : येईल गं. आजीला सांग, नीट शिकवणाऱ्या माणसासमोर, झेपेल एवढंच वजन घेतलं तर उंचीला काही होत नाही. आणि पॉवर दंडात नसतेच मुळी. अंगणात सडा टाकताना बादलीतलं पाणी लांब फेकायचं असेल तर आधी पाय रोवतेस, कंबर वळते आणि हात सगळ्यात शेवटी येतात, स्विंगचं तसंच आहे. पुढचा पाय टेकला की कंबर पिचरकडे उघडायची, हात मागेच ठेवायचे, मग सोडायचे. आधी हाताने मारायला गेलीस की सगळा जोर वाया. त्यामुळे बैठका, लंजेस, उड्या, आणि मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड बॉल) भिंतीवर आडवा आपटणं, एवढ्यानेही भरपूर फरक पडतो. खाण्याला वेगळं काही नको, भाकरी, शेंगाची चटणी, मटकीची उसळ, चालत असेल तर अंडी, फक्त पोटभर खा, डाएट बिएट आत्ता नको. सारखा दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे.

आणि आपल्या जिल्ह्यातली किरण नवगिरे माहिती आहे ना? ती आधी भालाफेक करायची, क्रिकेटमध्ये नंतर आली. २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटीत ७६ बॉलमध्ये नाबाद १६२ ठोकले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राकडून ३४ बॉलमध्ये शंभर. खेळ वेगळा असेल पण भाला फेकतानाही जोर पायातनं कंबरेत आणि कंबरेतनं हातात येतो.

तू फार चपळ असशील तर स्लॅप पण शिकून ठेव, दोन्ही येणाऱ्या मुलीसमोर फिल्डर गोंधळतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या ग्राउंडला फेन्सच नाही, मग होमरनचा काय उपयोग? (क्रीडाशिक्षक, मोहोळ)

उत्तर : सर, उलट फेन्स नसल्यावर जास्त उपयोग. तिकडे २००-२२० फुटांवर जाळी असते, बॉल पलीकडे गेला की विषय संपला, म्हणून त्या उंच मारतात. आपल्याकडे उंच मारला की आऊटफिल्डर मागे सरकून कॅच घेते. पण तोच बॉल सपाट, दोन फिल्डरच्या मधनं गेला तर मुरमाच्या कडक ग्राउंडवर थांबायचं नाव घेत नाही, पोरगी पळतच सगळे बेस घेऊन होमला येते. तेव्हा तिकडचे व्हिडिओ बघून सगळ्यांना उंच मारायला लावू नका, कंबर तीच, नेम खालचा.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. बंटच्या सवयीने थर्ड बेसची मुलगी पार पुढे येऊन उभी असते, समोर जोरात मारणारी आली की तिला मागे घ्या. आणि पिचर तर बॉल सोडल्यावर बॅटरपासून चाळीस फुटांच्याही आत असते. दोघींना फेसमास्क द्या, शाळेकडे पैसे नसतील तर पालकांची मीटिंग घ्या, पण मास्कशिवाय उभं करू नका.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल आहे की काढला? (कुमठा नाका)

उत्तर : दोन्ही! १९९६ ते २००८ होता, मग काढला, टोकियोला २०२१ मध्ये परत आला आणि जपानने गोल्ड घेतलं, पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये परत आहे. गंमत म्हणजे मॅचेस लॉस एंजेलिसला नाहीत, ओक्लाहोमा सिटीत आहेत, म्हणजे वर सांगितलेल्या जोसलिन आलोच्या कॉलेजपासनं जवळच. तिथले दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तेव्हा जागायची तयारी ठेवा.