आईला दिलेला शब्द आणि ३९ फूट

“मॅडम, शब्द मोडणारा माणूस चांगला असू शकतो का?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो. कधी मैत्रिणीचं गुपित फोडलेली मुलगी विचारते, कधी भावाला कबूल केलेले पैसे देऊ न शकलेला माणूस. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदललेत.)

हे गृहस्थ पंचेचाळिशीतले, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, दागिने घडवणारे. घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. वडील गेले तेव्हा आईनं हात धरून वचन घेतलं होतं, “मला या घरातनं हलवू नकोस.” २०२१ च्या जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं आधी ३९ फुटांची इशारा पातळी आणि मग ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, गल्लीत पाणी शिरलं, आणि यांनी आईला जवळजवळ उचलूनच आर. के. नगरच्या फ्लॅटवर नेलं. ती अजून तिथंच आहे. जुन्या घराची किल्ली पदराच्या गाठीत बांधून फिरते. ती गाठ दिसली की यांना घास जात नाही.

मनात चाललेलं कागदावर मांडा म्हटलं. त्यांनी लिहिलं: जर माणूस चांगला असेल तर तो शब्द पाळतो. मी पाळला नाही. म्हणून मी चांगला नाही.

या तर्काची मांडणी बरोबर आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं. पहिलं वाक्य खरं असेल तर शेवटचं टळत नाही. म्हणूनच ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हटल्यानं असा माणूस सुटत नाही. आपला हिशेब चुकलेला नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तपासायचं ते पहिलं वाक्य. शब्द देताना कितीतरी ‘जर’ आपण न बोलता धरून चालतो. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्यानं ‘अंथरुणाला खिळलो नाही तर’ हे धरलेलंच असतं. आईनं वचन मागितलं तेव्हा घर राहण्याजोगं असेल हे दोघांनीही धरलं होतं.

“मग भीष्मांचं काय? त्यांनी मोडली का प्रतिज्ञा?”

प्रश्न रास्त होता. सत्यवतीच्या मुलांना राज्य मिळावं म्हणून तिच्या वडिलांसमोर घेतलेली ती प्रतिज्ञा. पुढं ती मुलं निपुत्रिक गेली, आणि वंश टिकावा म्हणून खुद्द सत्यवतीनंच ती सोडायला सांगितलं. तरी भीष्म हलले नाहीत. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्याच्यासाठी शब्द दिला तोच मोकळं करत असेल, तर तो सोडण्यात दोष कसला?

“तुम्हाला आईनं मोकळं केलं?”

“विचारलंच नाही.”

“पाणी किती दिवसांत उतरलं?”

“पंधरवड्यात.”

“मग?”

ते अंगठ्याला लागलेला पॉलिशचा काळा डाग घासत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, फ्लॅटला लिफ्ट आहे, पोरांची शाळा जवळ आहे, आणि पावसाळ्यात रात्रभर मोबाइलवर ‘आता किती फूट’ बघावं लागत नाही.

जिवाला धोका असेल तर शब्द मोडणं चूक नाही, हे खरंच. पण धोका सरल्यावर त्या ‘तर’चा आधार उरत नाही. ज्या रात्रीचा सल ते उराशी धरून होते, त्या रात्री ते योग्यच वागले होते. शब्द मोडला तो नंतर, सोयीपायी, आईला एका शब्दानं न विचारता. हे बोलताना मला जड गेलं, पण झाकावंसं वाटलं नाही. आणि मोडला म्हणून देणं फिटत नाही. मोडला असेल तर कबूल करणं, विचारणं, भरून काढणं, हे सगळं उरतंच.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. रविवारी आईला जुन्या घरी नेलं होतं. कुलूप तिनंच काढलं. भिंतीवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ होती, तिच्यावर तळवा टेकवून ती बराच वेळ उभी राहिली. मग उंबऱ्यावर बसून तिनंच ठरवून टाकलं. त्यांनी ते माझ्याकडं लिहिलेल्या त्याच कागदाच्या पाठीमागं लिहून आणलं होतं:

“मी इथंच राहणार. बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की माझी पिशवी मी भरते, तू न्यायला ये. ४३ ची वाट बघायची नाही. आणि पाणी उतरलं की मला परत आणून सोडायचं.”