हजार जणांच्या ग्रुपात गप्प, चौदा जणांत बडबड्या: असं का होतं?

तुम्ही विचारलंय, मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात वर्षभर एक ओळ लिहिली नाही आणि पंधरा-वीस जणांच्या ग्रुपात मात्र दिवसभर लिहिता, तर हा स्वभावाचा दोष का? मलाही आधी तसंच वाटायचं.

मी नागपूरचा. पक्षी बघायचं वेड उशिरा लागलं, पस्तिशीनंतर. उत्साहात एका भल्यामोठ्या ग्रुपात शिरलो. (व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये मर्यादा १०२४ वर नेली आणि असे ग्रुप फुगतच गेले.) मे महिन्यात गोरेवाड्याला पहाटे एक पक्षी दिसला. पाठ राखाडी, शेपटीवर पट्टे. फोटो टाकून खाली लिहिलं, ‘शिक्रा!’ पाच मिनिटांत हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं लिहिलं, “भाऊ, तुमचा शिक्रा आता ‘पेर्ते व्हा’ म्हणून राहिला.” तो शिक्रा, म्हणजे लहान शिकारी पक्षी, नव्हताच. तो होता पावशा, ‘पेर्ते व्हा’ असं ओरडणारा, कोकिळेच्या कुळातला. कसा ओळखायचा, ते कोणी सांगितलं नाही. मी फोटो काढून टाकला आणि त्यानंतर तिथे तोंड उघडलं नाही.

पुढे ओळखीतून चौदा जणांच्या एका ग्रुपात आलो. रविवारी सकाळी अंबाझरीला भेटायचं, दुर्बिणीतून तळं धुंडाळायचं आणि मग तर्री पोहे, एवढाच कार्यक्रम. तिथे भीत भीत तोच फोटो टाकला. शाळेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी लिहिलं, “अरे, तू एकटाच नाही फसलास. पावशा उडाला की चिमण्यापाखरंसुद्धा शिक्रा आला समजून घाबरतात. चोच बघ, शिक्ऱ्याची आकड्यासारखी असते, याची तशी नाही. आणि डोळ्याभोवतीची पिवळी कड बघ.” तेव्हापासून माझी ती चूक झाली नाही.

तुम्ही म्हणाल, तिथली माणसं चांगली होती. पण गंमत ऐका, ‘पेर्ते व्हा’वाला भाऊही याच चौदांत आहे! इथे तो कधी कोणाची खिल्ली उडवत नाही. स्वभाव तोच, पण रविवारी पोह्यांच्या गाडीवर त्याला माझ्या शेजारी उभं राहायचं असतं. तिकडे त्याच्यापुढे हजार प्रेक्षक होते, आणि प्रेक्षक असले की माणसाला टाळ्या हव्याशा वाटतात. मी तिथे त्याच्यासाठी माणूस नव्हतोच, विनोदाला मिळालेली आयती संधी होतो.

दुसरं कारण गप्प बसण्याचं. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे आपण एकट्यानंच ऐकलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के तो झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१ टक्के. आपला मामला तेवढा गंभीर नाही, पण मोठ्या ग्रुपात कोणी काही विचारलं की मीही हेच करतो. सांगेल कोणीतरी, आपण कशाला? चौदांत तसं चालत नाही. मी तीन आठवडे गायब होतो तर त्याच ‘पेर्ते व्हा’वाल्या भाऊचा मेसेज, “काहून बे, कुठे आहेस?” हजारांत माझं नसणं कोणाला कळलंही नसतं.

तेव्हा मोठा ग्रुप खुशाल नुसता वाचायला ठेवा, तिथे बोललंच पाहिजे असं काही नाही. बोलावंसं वाटलंच तर ‘हा शिक्रा’ असं ठासून लिहू नका, ‘हा शिक्रा की पावशा?’ असं विचारा. विचारणाऱ्यावर हसायला लोक जरा कचरतात, हा माझा अनुभव.

फक्त लहान ग्रुप म्हणजे स्वर्ग असं समजू नका. आमच्यात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, सगळ्यांना जीव लावणारे. ते पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग लावतात, अगदी विणीच्या दिवसांतसुद्धा. बिचारा पक्षी घरटं सोडून, हद्दीत दुसरा शिरला समजून त्या आवाजाशी भांडत बसतो. अनोळखी माणसानं मोठ्या ग्रुपात असं लिहिलं असतं तर मी दोन ओळींत झापलं असतं. इथे मात्र आम्ही तेराही जण दर रविवारी त्यांच्याकडून पोह्यांवर जास्तीची तर्री वाढून घेतो आणि गप्प राहतो.