फोनवरच्या डॉक्टरला बाळाची छाती दाखवा

प्रश्न: ताई, आमचं गाव खानापूर तालुक्यात, पावसात बस बंद झाली की बेळगाव लांबच पडतंय. दहा महिन्यांच्या पोरीला खोकला झाला तर ई-संजीवनीवर, म्हणजे फोनवरच्या व्हिडिओ कॉलनं डॉक्टरला दाखवलं तर चालतंय काय? मला कन्नड नीट येत नाही.

उत्तर: चालतंय की, सरकारी सेवा आहे, फुकट आहे, आणि भाषेसाठी आशाताईंना शेजारी बसवून घ्या, लाजू नका. पण नुसतं "खोकला आहे" सांगून फोन ठेवू नका हो. पोरगी शांत असताना, झोपेत असली तर बेस्टच, झबलं वर करून पोट वरखाली होतंय ते बघत पूर्ण 1 मिनिट श्वास मोजा. तिच्या वयाला 50 किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका, त्याच दिवशी दवाखाना गाठा (वर्ष झालं की हाच आकडा 40). कॅमेरा उजेडात छातीवर धरा. वजन अंगणवाडीत आधीच करून ठेवा, पोरांचा डोस वजनावर असतोय. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध पीत नाही, फिट आली, उठवून उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी व्हिडिओ कॉलच्या नादाला लागूच नका, थेट 108 लावा.