दुखणं थांबलं, मग कॅप कशाला?

प्रश्न : डॉक्टर, मी ५८ वर्षांची, वर्तकनगरला राहते. खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल होऊन अडीच महिने झाले. आता काहीच दुखत नाही, भाकरीसुद्धा व्यवस्थित चावते. दाताचे डॉक्टर मात्र कॅप बसवा म्हणून सारखा फोन करतात. शेजारच्या काकू म्हणतात, कॅपखाली दात सडतो. यजमान म्हणतात, दिवाळीनंतर बघू. खरंच गरज आहे का? आणि धातूची बसवू की पांढरी?

उत्तर : ताई, दिवाळीपर्यंत थांबू नका.

नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात सातेक वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांचं रूट कॅनल मीच केलं होतं. कॅपचं माप द्यायच्या वेळी मुलीचं बाळंतपण निघालं आणि ते राहून गेलं. मग आल्या त्या थेट संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तिळाची वडी चावताना ‘कट्’ असा आवाज आला होता. वरवर काही दिसत नव्हतं. मी दाढेच्या मधोमध बारीक हत्यार टेकवून जरासं दाबलं, तर दाढेचे दोन भाग अलगद बाजूला झाले. भेग मुळापर्यंत गेलेली. अशी दाढ चिकटवता येत नाही, काढावीच लागली. ‘अहो, दुखत नव्हतं म्हणून...’ एवढंच त्या परत परत म्हणत राहिल्या. तेव्हापासून कॅपच्या तारखेसाठी मीही पेशंटना फोन करते.

दुखत नाही, कारण नस काढली आहे. दाढ मजबूत झाली असा त्याचा अर्थ नाही. नस गेली की दात वाळून ठिसूळ होतो असं लोक म्हणतात, पण मुख्य कारण वेगळं आहे. आधी किडीने दाढ पोखरलेली असते, मग नसेपर्यंत पोचायला आम्ही वरून आणखी पोकळी करतो. मधलं छत जातं, चारी बाजूंच्या पातळ भिंती उरतात आणि दाढेवर चावण्याचा जोर तर सगळ्यात जास्त. त्या भिंतींना बाहेरून बांधून ठेवणं हे कॅपचं काम.

शेजारच्या काकूंचं म्हणणं अगदीच चूक नाही. कॅप किडत नाही, पण ती हिरडीजवळ जिथे संपते त्या कडेला दात किडू शकतो, आणि नस नसल्याने कळही येत नाही. म्हणून त्या कडेवरून मऊ ब्रश फिरवा, रात्री दोन दातांच्या मधून फ्लॉस घाला, आणि अधूनमधून एक्सरे काढून घ्या.

आता धातूची की पांढरी. शेवटच्या दाढा हसताना दिसत नाहीत. तिथे पूर्ण धातूची कॅप मला आवडते: पातळ असली तरी टिकते, त्यामुळे ती बसवायला मूळ दात कमी झिजवावा लागतो, आणि खर्चही कमी. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येत असेल तर आधी सांगा, काही कॅपमध्ये तशी खाज आणणारा निकेल हा धातू असतो. पांढरीच हवी असेल तर दाढेला झिर्कोनिया, म्हणजे एक कणखर पांढरं सिरॅमिक, चांगलं. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपचा वरचा थर कधीकधी टवका उडून जातो.

बसवताना कॅप उंच तर होत नाही ना हे बघायला निळा कागद चावायला देतील. घरी गेल्यावर तीच दाढ आधी टेकतेय असं वाटलं, तर ‘होईल सवय’ म्हणून सोडू नका. परत जा, दोन मिनिटांत घासून देतात.

खर्चाची अडचण असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. फेऱ्या जास्त होतील, पण खासगी दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. जाताना रूट कॅनलचा एक्सरे बरोबर न्या. कॅप बसेपर्यंत चकली, चिक्की, सुपारी बंद, आणि जेवण उजव्या बाजूने.